हवालदारांचे कान

सर्जेराव हवालदारांचे कान चांगले होते. हे वाक्य मी पंधरा वर्षांपूर्वी एका कागदावर लिहायला हवं होतं. त्या कागदावर मी याच्या उलटं वाक्य लिहिलं आणि खाली सही केली. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. सही अजून तीच आहे.

मी विमान चालवायला शिकवत असे. राहायला सांगलीत, आणि रोज सकाळी स्कूटरने आष्ट्याच्या पलीकडे, उसाच्या मधोमध असलेल्या एका धावपट्टीवर. डांबराचा सरळ तुकडा, पत्र्याचं हँगर, दोन खोल्या आणि वारा दाखवणारी एक फाटकी कापडी पिशवी. हे सगळं एका खासगी संस्थेचं होतं. संस्था आता नाही, धावपट्टीही जवळजवळ नाही.

तिथे कंट्रोल टॉवर नव्हता. पाहुण्यांना हे ऐकून धक्का बसायचा. पण लहान धावपट्ट्यांवर टॉवर नसतोच. 'तुम्ही उतरा, तुम्ही थांबा' असं सांगणारं कुणी नसतं. ठरलेल्या एका फ्रिक्वेन्सीवर प्रत्येक वैमानिक स्वतःच बोलतो : मी अमुक, इथे आहे, आता हे करणार आहे. बाकीचे ऐकतात, खिडकीतून बघतात आणि आपापली जागा धरतात. उतरण्याआधी धावपट्टीला डाव्या हाताने एक चौकोनी फेरी घालायची, प्रत्येक कोपऱ्यावर बोलायचं. सगळा कारभार तोंड, कान आणि डोळे यांच्यावर. तोंड बंद राहिलं की बाकी दोघांवर भार येतो.

हवालदारांना संस्थेनं पहारेकरी म्हणून ठेवलं होतं, धावपट्टीवरच्या शेळ्या हाकायला. मूळचे म्हसवडकडचे, सैन्यात सिग्नलमध्ये वीस वर्षं काढलेली. कुणी आदरानं 'सुभेदार' म्हटलं की ते थांबून सांगायचे, "हवालदार. सुभेदार व्हायच्या आधी आलो." हे ते दरवेळी सांगायचे, त्याच माणसालाही.

पहिल्याच महिन्यात त्यांच्यापुढे हळदीचा प्रश्न आला. आसपासचे शेतकरी हळद शिजवून ती वाळवायला धावपट्टीवर पसरायचे. डांबर तापतं, जागा सपाट, राखणदार फुकट. आधीच्या पहारेकऱ्यानं भांडण करून बघितलं होतं आणि मार खाल्ला होता. हवालदारांनी भांडण केलं नाही. त्यांनी शेतकऱ्यांना बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "पसरा की. फकस्त सकाळी विमानं हायेत तवर न्हाई, आन् पश्चिमंच्या टोकाला. आन् प्रत्येकानं पसरायच्या आधी मला सांगायचं, कुठं, किती, कवापत्तूर."

एक म्हातारा म्हणाला, "आवं, हळद काय उडून जातीया व्हय?"

"हळद न्हाई जात. विमान येतंय."

तेव्हापासून शेतकरीही धावपट्टीवर पाय ठेवताना ओरडून सांगायचे, "शंकर, तीन पोती, टोकाला." माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा त्यांचं बोलणं जास्त स्वच्छ होतं.

हवालदार स्वतःही तसेच चालायचे. उसाच्या मुलखात हे नवल नाही. दसऱ्याच्या सुमाराला ऊस डोक्यावर जातो आणि शेतातलं प्रत्येक वळण आंधळं होतं. हॉर्न दिल्याशिवाय किंवा हाळी घातल्याशिवाय कुणी शहाणा माणूस सायकल वळवत नाही. पण हवालदार हॉर्न वाजवून थांबत नसत. ते सायकलवरून पूर्ण माहिती द्यायचे : "सर्जेराव, हँगरकडनं, टाकीकडं वळतोय." खोलीत शिरताना द्यायचे. चहाचा ट्रे घेऊन कोपऱ्यावरून येताना द्यायचे. एकदा मी मोरीत तोंड धूत होतो आणि मागून आवाज आला, "सर्जेराव, तुमच्या मागं, बादलीला." मी सरकलो. त्यांच्याबरोबर नऊ वर्षांत माझा कुणालाही धक्का लागला नाही, कप फुटला नाही.

हँगरच्या खोलीत एक हातात धरायचा रेडिओ होता. संस्थेनं तो ऐकण्यासाठी ठेवला होता. बोलायचा परवाना फक्त वैमानिकांना. हवालदारांनी बटण दाबायचं नाही, असं त्यांना लेखी दिलेलं होतं. ते त्यांनी भिंतीवर चिकटवलं होतं. त्याखाली स्टुलावर बसून ते ऐकायचे आणि एका शंभरपानी वहीत लिहायचे : कोण, किती वाजता, काय बोललं. न बोललेलंही लिहायचे. चहाच्या वेळी वही उघडायची.

"सायेब, आज तुमी तिसऱ्या कोपऱ्याला बोलला न्हाई."

"बोललो असेन, हवालदार."

"आसाल. वहीत न्हाई."

एकदा पुण्याहून एक रुबाबदार गृहस्थ स्वतःचं विमान घेऊन आले. फेरी न घालता, एक शब्द न बोलता, सरळ येऊन उतरले. हवालदारांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, बिस्किटं दिली. मग विचारलं, "सायेब, तुमी आला तवा वर आणखी कोण हुतं?"

"कुणीच नव्हतं."

"दोन हुती." मग त्यांनी बशी पुढे सरकवली. "बिस्किट घ्या."

त्या गृहस्थांनी बिस्किट घेतलं नाही. पुढच्या वेळी आले तेव्हा दहा मैलांपासून बोलत आले.

किती विमानं हवेत आहेत हे हवालदारांना बाहेर न बघता कळायचं. आमच्याकडे एकाच बनावटीची दोन विमानं होती. मला त्यांच्या आवाजात फरक कळत नसे. ते स्टुलावरून म्हणायचे, "धाकटं आलं. आज खोकतंय." आमचा मेकॅनिक आधी हसायचा. नंतर त्या दिवशी प्लग काढून बघू लागला. या माणसाच्या कानांबद्दल मी पुढे काय लिहिलं ते सांगणारच आहे.

त्याआधी छत्री आणि परातीबद्दल सांगायला हवं. लहान विमानं दोन तऱ्हेची. काहींचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतात, काहींचे बुडाखाली. डोक्यावर पंख असले की वरचं दिसत नाही, बुडाखाली असले की खालचं दिसत नाही. ही गोष्ट मी फळ्यावर आकृती काढून शिकवायचो आणि मुलं माना डोलवायची. हवालदारांनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर चुन्यानं फेरीचा चौकोन आखला. एका मुलाच्या हातात उघडी छत्री दिली, डोक्यावर घट्ट धरायला. दुसऱ्याच्या कमरेला दोरीनं परात बांधली. दोघांना चौकोनावर चालायला लावलं आणि स्वतः मधे उभे राहिले.

"छत्रीवाला म्हंजी पंख वर. परातवाला म्हंजी पंख खाली. आता परातीनं वर ऱ्हायचं आन् छत्रीनं खाली. दोघं येकाच रस्त्याला लागा. छत्री, तुला परात दिसती का?"

"नाही."

"परात, तुला छत्री?"

"नाही, हवालदार."

"मग दोघं बी मेला. चला, पुन्हा. आता तोंडानं बोलत."

गौरी नावाची वाईची एक विद्यार्थिनी होती. तिनं विचारलं, "पण हवालदार, दोघं असे एकावर एक आलेच, तर छत्रीवाल्यानं काय करायचं? पुस्तकात लिहिलंय, उतरताना शंका आली की पूर्ण ताकद लावून वर जायचं."

"वर कोण हाय?"

"परात."

"मग पुस्तक परातीला इचारून लिव्हलंय का?"

मी ऐकत होतो. मी हसलो आणि त्यांना म्हणालो, मुलांना पुस्तकाच्या बाहेरचं शिकवू नका. ते म्हणाले, "बरं, सायेब."

तो दिवस नोव्हेंबरातला होता. मी संस्थेच्या अध्यक्षांना पुण्याहून घेऊन येत होतो, त्यांच्या स्वतःच्या, खाली पंख असलेल्या विमानातून. सांगलीत त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता आणि उशीर झाला होता. धावपट्टी समोर दिसली तेव्हा ते म्हणाले, "सरळ उतरू या ना. फेरी कशाला? देवळात आलोय का आपण?" मी रोज मुलांना सांगायचो की टॉवर नसलेल्या जागी फेरी चुकवायची नाही. अध्यक्षांना मी 'बरं' म्हणालो.

सरळ येताना मी तीनदा बोललो. दहा मैल, पाच मैल, दोन मैल. उत्तर आलं नाही. कुणाचाच आवाज आला नाही. शांतता म्हणजे आकाश रिकामं आहे, असं मी धरून चाललो.

आकाश रिकामं नव्हतं. गौरी एकटीने उडत होती, तिची तिसरीच एकटीची फेरी. डोक्यावर पंख असलेल्या विमानात, चौकोन नीट घालून, प्रत्येक कोपऱ्यावर बोलून ती शेवटच्या सरळ वाटेवर वळली होती. मी तिच्या मागे, तिच्या वर, तिच्यापेक्षा वेगात, खाली येत होतो. ती माझ्या पंखाखाली होती, मी तिच्या पंखावर. हे चित्र जमिनीवरून एकाच माणसाला दिसत होतं.

हवालदारांनी बटण दाबलं. ते काय बोलले हे गौरीनं नंतर शब्दशः लिहून दिलं : "गौरी, वर जाऊ नको. उजवीकडं वळ. खालीच ऱ्हा, उसावरनं जा. आता." ते शांत बोलले, असंही तिनं लिहिलं. फेरी डावीकडची असते; उजवीकडे वळणं पुस्तकात नाही. वर न जाणंही पुस्तकात नाही. ती वळली. मी टेकण्याच्या क्षणी मला उजव्या बाजूला, उसाच्या तुऱ्यांमधून वर येणारा एक पांढरा पंख दिसला. अध्यक्षांना काही दिसलं नाही. ते घड्याळ बघत होते.

विमान हँगरपाशी उभं केलं. अध्यक्ष उतरून गाडीकडे गेले. मी रेडिओ बंद करायला हात पुढे केला आणि आकडा बघितला. तो आमच्या फ्रिक्वेन्सीचा आकडा नव्हता. पुण्याहून निघाल्यावर फ्रिक्वेन्सी बदलायचा गोल खटका एक टिचकी, म्हणजे एक घर, कमी फिरला होता. मी तीनदा बोललो होतो, पण जिथे कुणीच नव्हतं तिथे. हवालदार चाकाला लाकडी ठोकळा लावायला वाकले होते. मी खटका एक टिचकी पुढे फिरवला आणि रेडिओ बंद केला.

माझं सगळं पाप एवढंच आहे. त्याला एक सेकंदही लागला नसेल.

संस्थेनं चौकशी नेमली. तीन माणसं, एक टेबल, टेबलावर पाण्याचा जग. अध्यक्ष मला म्हणाले, "मसुदा तुम्हीच करा, तांत्रिक तुम्हालाच कळतं." म्हणजे माझ्या चुकीचा अहवाल मीच लिहायचा होता. तेव्हा मी त्रेसष्टचा होतो. चूक कबूल केली असती तर शिकवण्याचा परवाना गेला असता, आणि दुसरं मला काही येत नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. असं होतं, एवढंच.

हवालदारांना आत बोलावलं. मी टेबलाच्या टोकाला लिहायला बसलो होतो.

"तुम्हाला कॅप्टनसाहेबांचे कॉल ऐकू आले?" एका सदस्यानं माझ्याकडे हात करून विचारलं.

"न्हाई."

"एकही?"

"एक बी न्हाई."

"साहेब म्हणतात, तीन केले."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. "केलं आसतील," ते म्हणाले.

"मग तुम्हाला ऐकू का आले नाहीत?"

"ते कसं सांगू? ऐकू आलं न्हाई एवढं सांगतो."

त्यांची वही टेबलावर होती. त्यात गौरीचे सगळे कॉल मिनिटांसह होते आणि माझ्या नावापुढे कोरी जागा होती. सदस्यांनी ती चाळली. एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "वय झालंय हो त्यांचं." दुसऱ्यानं मान हलवली. मी ते ऐकलं आणि मला सुटका दिसली. मी लिहिलं : 'पहारेकऱ्याच्या कमी झालेल्या श्रवणशक्तीमुळे त्याला येणाऱ्या विमानाचे कॉल ऐकू आले नाहीत. त्याने परवाना नसताना, प्रस्थापित पद्धतीच्या विरुद्ध सूचना देऊन शिकाऊ वैमानिकास गोंधळात टाकले.' मराठी चांगलं उतरलं आहे, असं अध्यक्ष म्हणाले.

गौरीनं लिहून दिलं होतं की हवालदारांमुळे ती वाचली. पण दुसरं विमान डोक्यावर असताना तिनं स्वतः पाहिलं नव्हतं. अहवालात तिचा जबाब 'प्रत्यक्ष पाहिलेले नाही' या शेऱ्यासह जोडला.

हवालदारांना कमी केल्याचं पत्र, माझी वाक्यं जशीच्या तशी घालून, त्यांच्या गावी टपालानं गेलं. ते स्वतः त्याच दिवशी ट्रंक घेऊन निघाले होते. भिंतीवरचा, बोलू नये असं सांगणारा कागद त्यांनी नीट काढून माझ्या टेबलावर ठेवला. "नियम मोडला, ते खरं हाय," ते म्हणाले. मग सायकलवर ट्रंक बांधली, आणि फाटकाजवळ उसाच्या वळणावर त्यांचा आवाज आला, "सर्जेराव, धावपट्टीकडनं, रस्त्याला." त्यानंतर मी पाच वर्षं तिथे शिकवलं. मुलांना छत्री-परात शिकवली. कुणी कल्पनेची तारीफ केली तर मी गप्प राहायचो, म्हणजे ती माझ्या नावावर जमा व्हायची.

गेल्या जानेवारीत गौरीचा फोन आला. ती आता मोठी विमानं चालवते. तब्येत विचारली, बायकोची विचारली, आणि मग म्हणाली, "सर, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही कुठल्या फ्रिक्वेन्सीवर होतात?" राग नव्हता. इतकी वर्षं उडल्यावर तिला स्वतःलाच ते कळलं होतं. मी म्हणालो, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला.  बायकोनं विचारलं, कुणाचा होता? तेव्हा पहिल्यांदाच तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

चार दिवसांनी मी एसटीनं म्हसवडला उतरलो, आणि तिथून वडापच्या जीपनं त्यांच्या गावी. घर सापडायला अडचण आली नाही. मी पाराजवळ नाव विचारल्यावर एकजण म्हणाला, "कोन, बहिरा हवालदार? त्या लिंबाच्या पुढं. जोरात बोला बरं का, न्हाईतर बसाल तसंच."

ते अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होते. ऐंशी पार केलेली, पण पाठ तशीच. सून दारात होती. तिनं त्यांच्या कानाशी वाकून, सगळ्या आळीला कळेल अशा आवाजात सांगितलं, "मामंजी, पावणं आल्यात."

"दिसलं," ते हळू म्हणाले. ती आत गेली.

मी वाट पाहिली नाही. वाट पाहिली असती तर परत आलो असतो. फ्रिक्वेन्सी, टिचकी, खटका पुन्हा फिरवला ते, सगळं सांगितलं. त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"किती टिचक्या?"

"एक."

"मला वाटलं, रेडिओच बंद हुता."

"तुम्ही चौकशीत सांगितलं का नाही, की साहेब बोललेच नाहीत?"

"मी काय तुमच्या इमानात हुतो व्हय? ऐकलं न्हाई, तेवढंच मला ठावं. सिग्नलमदी तेवढंच सांगत्यात." त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. "नोकरीचं काय न्हाई. नियम मोडलाच हुता. पर ते कानाचं लय बेक्कार झालं, सायेब."

मग त्यांनी सांगितलं. पत्र पोरानं चार माणसांत मोठ्यानं वाचलं. त्या दिवसापासून गाव त्यांच्याशी ओरडून बोलतं. म्हसवडच्या जत्रेत, सिद्धनाथाच्या रथाच्या दिवशी हरवलेल्या पोरांची नावं माईकवर पुकारायचं काम त्यांना हवं होतं, वीस वर्षं सिग्नलमध्ये काढलेल्या माणसाला. ते दिलं नाही. घरात दोन माणसं कुजबुजायची असली की त्यांच्यासमोरच बसतात. "सगळं ऐकतो. पंधरा वरसं झाली. लय वंगाळ आसतंय माणसाचं बोलणं."

"तुम्ही सांगितलं नाही कुणाला, की ऐकू येतं?"

"सांगितलं की. बहिरा म्हणतोय मला ऐकू येतंय, तर कोण इचारतंय? वर सरकारी कागद."

"तो सरकारी नव्हता. मी लिहिला होता."

"शिक्का हुता," ते म्हणाले.

मी म्हणालो, मी लिहून देतो, दुसरा कागद. संस्था नसली तरी छापून आणतो कुठेतरी. त्यांनी विचार केला. "लिव्हा. पर कागदाला येळ लागतोय. आधी हितं सांगा." आणि त्यांनी मानेनं घराकडे खूण केली.

म्हणून मी दारात उभा राहिलो आणि त्यांच्या सुनेला आणि मुलाला सांगितलं. मुलगा मधेच एकदा "आवं, पर..." म्हणाला आणि थांबला. सुनेनं पदर तोंडाला लावला. ती बहुधा पंधरा वर्षांत या अंगणात काय काय बोलली त्याचा हिशेब करत होती. दोघांनीही हवालदारांकडे बघितलं नाही. हवालदार शेंगा फोडत होते.

मी चप्पल घालायला वळलो. सून चुलीकडे गेली. आता आमच्यामधे भिंत होती. तिथून तिनं, एखादं माणूस शेजारच्याशी बोलतं तशा आवाजात, जवळजवळ स्वतःशीच विचारलं, "मामंजी, भाकरी टाकू का?"

हवालदारांचे हात थांबले.

"टाक," ते तितक्याच हळू म्हणाले. "सायबास्नी बी टाक. ते जात न्हाईत आत्ता."